पेलाभर पाणी आणि कारगिलचा समुद्र

लडाखच्या बाजूला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी निळ्या तळ्यांचे फोटो मागतात. आमच्या फोनमध्ये एकही तळं नाही. आहेत ते सगळे दगड. काळे, करडे, हिरवट, आणि एका फोटोत दगडावर चक्क उपडी पडलेली माझी नणंद. कॉलनीतल्या बायकांनी तो फोटो बघून काळजीनं विचारलं, की ताई घसरून पडल्या का. पडल्या नव्हत्या. त्या समुद्र बघत होत्या. आता कारगिलच्या डोंगरात समुद्र कुठून आला, हे सांगायचं तर आधी घरापासून सुरुवात करावी लागेल.

संभाजीनगर

माझ्या नणंदेचं नाव मंदाकिनी. मी त्यांना लग्नापासून वन्सं म्हणते. हा शब्द ऐकून माझी सून हसते, पण जिभेला लागलेलं वळण आता या वयात कुठे बदलायचं. वन्सं माझ्या नवऱ्यापेक्षा मोठ्या, लग्न केलं नाही, आमच्याजवळच राहतात. उभी नोकरी गावातल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवण्यात गेली. आमच्या घरात दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये कपबश्या नाहीत, दगड आहेत. पाहुणे आले की आधी चहा नाही, दगड.

त्यांचा एक धडा मला स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता पाठ झाला होता, कारण दर वर्षी परीक्षेच्या आधी मुलं घरी यायची आणि तो पुन्हा व्हायचा. समुद्राच्या तळाचा डोंगर कसा होतो, हा तो धडा. लाव्हारस समुद्राच्या तळाशी गार पाण्यात बाहेर आला की काय होतं? वन्सं सांगायच्या, कढईत भज्याचं पीठ सोडल्यावर होतं तेच. कढईत तेल तापलेलं आणि पीठ गार, तिथे नेमकं उलट. पण वरची कड तशीच झटक्यात धरते. बाहेरून कडक, आतून मऊ, असे गोळे एकावर एक पडत जातात. मोंढ्यात पोती रचतात तसे. वरचं पोतं खालच्या दोघांच्या बेचक्यात बसतं, म्हणून त्याचं पोट खाली टोकदार लोंबतं आणि पाठ गोल राहते. असा ढीग कधी डोंगरात सापडला, तर नुसत्या आकारावरून ओळखायचं की मूळचं वर कुठलं आणि खाली कुठलं.

आणि तो डोंगरात जातोच कसा? इथे वन्सं मला हाक मारून दुधाचं पातेलं मागायच्या. आपला हा भारत देश दक्षिणेकडून सरकत सरकत आशियाकडे निघाला, मध्ये मोठा समुद्र होता. समुद्राचा तळ आशियाच्या खाली खाली जात राहिला. पण चमच्यानं साय सरकवली की सगळी काही बुडत नाही, थोडी पातेल्याच्या कडेला वर चढून चिकटून बसते. तसा त्या तळाचा थोडा भाग खरवडला गेला आणि दोन जमिनींच्या सांध्यात, हिमालयाच्या पलीकडे, उंच जाऊन बसला. समुद्र संपला. साय राहिली. मुलं माना डोलवायची आणि मी माझं पातेलं परत न्यायचे.

गंमत अशी की एवढा धडा शिकवणाऱ्या बाईनं ते गोळे स्वतः कधी पाहिले नव्हते. पुस्तकातला एक काळापांढरा फोटो, तेवढाच. कधी सासूबाईंचं आजारपण, कधी पेपर तपासायचे, कधी कॉलेजची सहल अजिंठ्यापुढे जायलाच तयार नाही. आणि निवृत्त झाल्यावर, आता जाऊ म्हणेपर्यंत, डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पडदा मधोमध झिजतोय, मधलं दिसणं जाईल, कडेकडेचं राहील. एक डोळा गेलाच होता. दुसरा शाबूत आहे असं वन्सं सांगत होत्या. त्या जेवताना ताटात वाटी चाचपायला लागल्या तेव्हा मीच म्हटलं, आता चला. अजून दिसतंय तोवर.

ते वर्ष दुष्काळाचं. जायकवाडीचा तळ दिसायला लागलेला, नळ आठवड्यातनं एकदा, आणि आमच्या कॉलनीला तर टँकरच. आम्ही घर बांधलं तेव्हा इथे चहूकडे ज्वारी होती. आता शेंद्र्यापर्यंत इमारतीच इमारती, आणि प्रत्येक इमारतीच्या पायथ्याशी बोअर, एकापेक्षा एक खोल. त्यामुळे आमच्या घरात पाण्याचे कायदे वन्संनी केलेले आणि फार कडक. पाहुण्याला पेला अर्धाच भरून द्यायचा. उष्टं पाणी मोरीत ओतायचं नाही, कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतायचं. जेवून हात धुतला तरी कुंडीवर. नातवंडांना या एका गोष्टीवरून मी बोलणी खाताना पाहिलं आहे, आणि मीही खाल्ली आहेत.

माझे यजमान आले नाहीत. टँकरच्या दिवशी घरी कुणी तरी हवं, असं म्हणाले. खरं म्हणजे त्यांना उंचीची भीती वाटते, पण या वेळी दुष्काळ कामी आला. त्यांच्याऐवजी आला शफीक. हा कन्नडजवळच्या पिशोर गावचा, वन्संचा जुना विद्यार्थी, आता स्वतःच आजोबा झालेला. शेंद्र्याच्या बाजूला त्याच्या बोअरच्या गाड्या चालतात. वन्संनी सहज फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, तो समुद्राचा धडा तुमी लई वर्सं शिकवला. आता खरा हाय का नाय ते बघायला मी बी येतो."

जोजिला

श्रीनगरहून कारगिलला नेणारी गाडी हादी नावाच्या माणसाची होती. कारगिलचाच, मऊ बोलणारा, स्वच्छ उर्दू. शफीकची आमच्याकडची दखनी ऐकून त्याला पहिल्यापासून गुदगुल्या व्हायला लागल्या. "नक्को", "कायकू" असं काही आलं की आरशातून बघून हसायचा. शेवटी त्यानं अगदी अदबीनं विचारलं की ही जबान कुठली. शफीक म्हणाला, निजामाच्या वेळची आहे, तुमच्यापेक्षा जुनी. त्यावर दोघांत जो वाद सुरू झाला तो जोजिलापर्यंत पुरला.

जोजिलात मात्र शफीक गप्प झाला. कन्नडच्या घाटातून बोअरची अवजड गाडी उतरवणारा माणूस, पण इथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. त्यानं डोळे मिटून घेतले आणि मग खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळा नाश्ता त्या घाटाला अर्पण केला. वन्सं पुढच्या सीटवर शांत. त्यांना दरी दिसतच नव्हती. मला त्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या डोळ्याबद्दल शंका आली, कारण दरी काही लहान नव्हती.

घाट ओलांडला आणि हिरवं संपलं. उघडे, तांबूस, राखी डोंगर, मध्येच नदीकाठी जवाची एखादी पट्टी आणि ताठ उभी झाडं. शफीकला तरतरी आली. "मॅडम, हे तर आपल्याकडल्या मे महिन्यावाणी हाय," तो म्हणाला, आणि खरोखर मलाही परकं वाटेना. कोरड्या मुलखातल्या माणसांना कोरडा मुलूख बघून बरं वाटतं, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

रात्री कारगिलच्या मुक्कामी भाजलेल्या जवाचं पीठ चहात कालवून दिलं. सातूचं पीठ. गूळ नाही एवढाच फरक. मी लहानपणी कन्नडला उन्हाळ्यात तेच खात होते.

शेरगोलच्या वाटेवर

वन्संच्या एका सहकाऱ्यानं पूर्वी इकडचा प्रवास केला होता आणि खूण अगदी बारकाईनं सांगून ठेवली होती. शेरगोलच्या पुढे पूल, पुलानंतर वळण, वळणावर उंच झाडांची रांग, आणि झाडांच्या मागे रस्त्यालगतच काळा कडा. कड्यात ते गोळे, एकावर एक. वन्संना हे तोंडपाठ. सकाळपासून त्या एखाद्या लग्नाला निघाल्यासारख्या होत्या. ठेवणीतली साडी, वर स्वेटर, पायात बूट, गळ्यात भिंग. वाटेत खडकातून कोरलेली बुद्धाची उभी मूर्ती लागली. शफीकनं वेरूळशी तुलना करायला तोंड उघडलं तर वन्संनी त्याला परतताना बघू म्हणून गाडीत बसवलं.

पूल आला. वळणही आलं. पण झाडं नव्हती, आणि कडाही नव्हता. रस्ता रुंद झाला होता. गुळगुळीत, नवा, आमच्या बीड बायपासइतका. डोंगराच्या बाजूला सरळ कापलेला उतार, आणि त्याला टेकून तारेच्या जाळ्यांत दगड भरून उभी केलेली भिंत. हादी म्हणाला, हे काम होऊन बरेच दिवस झाले, इथला सगळा खडक सुरुंगानं उडवला.

वन्सं उतरल्या. त्या भिंतीपाशी गेल्या आणि जाळीतून बोट घालून आतले दगड चाचपत राहिल्या. बराच वेळ. एक दगड, मग दुसरा. आमच्या शहरालगतच्या साताऱ्याच्या डोंगराची खडी होताना बघून त्या दर वर्षी पेपरात पत्रं लिहायच्या. इथे त्यांनी बोटं जाळीतून काढून पदराला पुसली. ते गोळे फोडून त्याच जाळ्यांत भरलेले असतील, हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

दुपारभर आम्ही त्या रस्त्यावर हिंडलो. शफीक प्रत्येक काळ्या दगडाकडे धावायचा, हाक मारायचा, आणि वन्सं जाऊन, वाकून, भिंग लावून, मान हलवून परत यायच्या. त्या भिंगही नीट मधोमध धरत नव्हत्या, डोळ्याच्या कोपऱ्याशी धरत होत्या.

रात्री त्या जेवल्या नाहीत. शफीक झोपायला गेल्यावर मला म्हणाल्या, "शैला, पुढच्या वर्षी येऊन काही उपयोग नाही. दुसऱ्या डोळ्यातही मधोमध डाग आलाय. तुझं तोंडसुद्धा मला पुसल्यासारखं दिसतं."

किती दिवस झाले, मी विचारलं. त्यांनी भिंग पुसून उशाशी ठेवलं. मला राग आला, रडूही आलं. एवढी वर्षं एका घरात राहून, माझ्याच हातची भाकरी खाऊन, ही बाई माझ्याकडे बघत होती आणि मी तिला दिसत नव्हते. मी त्यांच्या पायांवर रजई ओढली.

कनीज आपांची पाळी

दुसऱ्या दिवशी परतायचं ठरलं. हादीला आमची उतरलेली तोंडं बघवेनात. त्याची आत्या जवळच एका बाजूच्या दरीत राहते, तिच्याकडे जेवून मग निघू, असा त्यानं आग्रह केला. आत्याचं नाव कनीज. आम्ही सगळेच त्यांना आपा म्हणायला लागलो. वय आमच्याच आगेमागे, हात राकट, डोक्यावरून घट्ट ओढणी. हिंदी बेताची, पण वाढणाऱ्या बाईला बोलायची गरज कुठे असते. जाड गोल रोटी, दही, पालेभाजी, आणि ताज्या जर्दाळूंचं भलंमोठं ताट. मी आपली शेंगदाण्याची चटणी काढली. आपांनी चिमूटभर चाखली, डोळे पुसले, आणि पुन्हा मागितली.

तिथे मला आवडलं ते पाणी. बर्फाचं पाणी डोंगरातून एका पाटानं गावात येतं आणि प्रत्येक शेताला पाळीपाळीनं मिळतं. पाळी कुणाची ते बघायला गावानं एक माणूस नेमलेला. त्यानं फावड्यानं मातीचा एक बांध फोडला की पाणी या शेतात, दुसरा फोडला की त्या शेतात. आमच्याकडे हे काम वॉल्व्ह फिरवणारा माणूस करतो आणि कॉलनीतला प्रत्येक जण त्याच्याशी ओळख काढून असतो. तो चहाला आला की आम्हीसुद्धा पेला पूर्ण भरतो. आपांची पाळी त्याच दुपारी होती. वर्षभर बर्फ कमी पडलेलं, म्हणून पाळीही आखूड झाली होती. जेवता जेवता त्यांचे कान पाटाकडे होते.

जेवण घराच्या मागे झालं. तिथे एक बुटका, पसरट, काळपट खडक जमिनीतून वर आला होता, त्यावर जर्दाळू वाळत घातलेले. उन्हानं खडक छान तापला होता. आम्ही त्यालाच पाठ लावून बसलो. मी म्हटलंसुद्धा, "अगदी आपल्याकडचाच दगड वाटतो. वेरूळच्या वाटेवर पांढरे खडे विकतात ना, तसले ठिपकेही आहेत."

वन्सं म्हणाल्या, "आपल्याकडचाच असेल तर त्यात काय बघायचं." आणि जर्दाळू खाऊ लागल्या. जन्मभर काळ्या दगडावर राहिलेली माणसं आम्ही. काळा दगड दिसला की आपलं अंगण आलं असं वाटतं, आणि अंगण कोण निरखून बघतं.

जेवण झालं. माझ्या पेल्यात अर्धं पाणी उरलं होतं. आता उरलेलं पाणी फेकायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा हजार कोसांवरही माझ्या हातात होताच. मी झाड शोधायला लागले. खडकाच्या एका भेगेत मूठभर काटेरी झुडूप तग धरून होतं. मी पाणी त्याच्या मुळाशी ओतलं. भेग छोटी, पाणी ओसंडून खडकाच्या अंगावरून खाली ओघळलं.

आणि ओलं झाल्यावर तो दगड वेगळाच दिसायला लागला. कोरडा होता तोवर नुसता धुरकट. आता त्यावर गोल उमटले. तव्यावर एकमेकींना खेटून भाकऱ्या टाकाव्यात तसे. प्रत्येक गोलाची कड काळीकुळकुळीत, आत हिरवट.

"वन्सं," मी म्हटलं, "या दगडावर भाकऱ्या आहेत."

त्यांच्या हातातला जर्दाळू हातातच राहिला. उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून, वर्गात विचारायच्या त्या आवाजात मला विचारायला लागल्या. कडेची पट्टी काळी आहे का, काचेसारखी. आहे. मधून कडेकडे जाणाऱ्या भेगा आहेत का. मी वाकून बघितलं. होत्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. पांढरे ठिपके कुठे आहेत, मध्ये का कडेला. कडेला. आणि एका गोलाच्या आणि दुसऱ्याच्या मध्ये काय भरलंय. मला काही सांगता येईना. पाणी वाळत चाललं होतं आणि गोल पुन्हा पुसले जात होते.

तेव्हा आमच्या वन्संनी, ज्यांनी आयुष्यात कुणाला चूळसुद्धा मनसोक्त भरू दिली नाही, स्वतःची पाण्याची बाटली उघडली आणि सगळी त्या खडकावर रिकामी केली. मग माझी. मग शफीकची. शफीक बघतच राहिला. "मॅडमनी पानी सांडलं," एवढंच तो दोनदा म्हणाला.

पण खडक रुंद होता आणि ऊन कडक. पाणी पुरेना. शफीक आपांची कळशी घेऊन पाटाकडे धावला आणि तिथेच थांबला, कारण आमच्यासारख्या पाणी मोजून वापरणाऱ्या मुलखातला माणूस असं परक्याच्या पाटात भांडं बुडवत नाही. पाटात पाणी आलं होतं. आपांची पाळी सुरू झाली होती. हादीनं त्यांना त्यांच्या बोलीत काही सांगितलं. काय सांगितलं असेल कोण जाणे. ही बाई लांबून आली आहे, डोळे चालले आहेत, आणि तिला तुमचा दगड भिजवायचा आहे, हे कुठल्याही भाषेत सांगायला अवघडच.

आपांनी वन्संकडे पाहिलं. मग वाळत घातलेले सगळे जर्दाळू भराभर ओढणीत गोळा केले, फावडं घेतलं, आणि आपल्या शेताकडे वळलेला पाट मध्येच बांध फोडून या खडकावर सोडला. पाण्याची वाटणी करणारा माणूस वरून ओरडला. आपांनी त्याला एका शब्दात गप्प केलं.

खडक पूर्ण भिजला. पाटाचं पाणी त्याच्यावरून पसरत गेलं आणि खालपासून वरपर्यंत सगळे गोल वर आले, लहान, मोठे, एकमेकांवर दाबून बसलेले. वन्सं वाहत्या पाण्यात गुडघे टेकून बसल्या. ठेवणीतली साडी भिजली. मान तिरकी करून, डोळ्यांच्या कोपऱ्यानं त्या बघत होत्या. मग मला म्हणाल्या, की मध्ये भोकच आहे, पण कडा दिसतात, शैला, कडा सगळ्या दिसतात. ज्या दगडात जे काही सांगण्यासारखं असतं ते कडेलाच असतं, तो दगड त्यांच्या वाट्याला आला होता.

त्यानंतर त्या उपड्या झाल्या. फोटो तो. दोन्ही हात लांबवून एकेका गोलाची कड बोटांनी चाचपत गेल्या, आणि एका जागी थांबल्या. पुन्हा मागे आल्या. पुन्हा तिथेच.

"शफीक," त्यांनी विचारलं, "पोत्याचं पोट कुठल्या बाजूला लोंबतं?"

"खाली मॅडम," शफीक म्हणाला. इतक्या वर्षांनीही त्याला पाठ होतं.

"मग इथं बघ."

शफीकनं बघितलं, मीही बघितलं. गोलांच्या गोल पाठी खाली जमिनीकडे होत्या आणि टोकं वर, आभाळाकडे.

"उलटं हाय हे," शफीक म्हणाला.

"उलटंच," वन्सं म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "समुद्राचा तळ इथवर चढलाय तो कोलांटी खाऊन. आणि चढवला कुणी? आपण. आपली जमीन येऊन धडकली म्हणून. आपल्या काळ्या दगडाहून जुना आहे हा." मग खडकावर हात थोपटत त्याला म्हणाल्या, "थांबलास बाबा माझ्यासाठी."

शफीकनं तोंड फिरवून रुमाल काढला. हादीही पाटाकडे बघत राहिला. आपा पाण्यात उतरल्या, वन्संच्या शेजारी बसल्या आणि त्यांनीही खडकावर हात ठेवला. वन्संनी तो हात धरून एका गोलाच्या कडेवरून फिरवला, मग दुसऱ्या. ज्या खडकावर त्यांच्या जर्दाळूंच्या किती तरी पिढ्या वाळल्या, त्याच्यावरचा समुद्र आपांनी असा आमच्या वन्संच्या बोटांनी पाहिला. भाषा काही लागली नाही.

आपांचं शेत त्या दिवशी अर्धं भिजलं. हे मला फार लागलं, आणि मी तसं हादीकरवी सांगितलंही. आपा म्हणाल्या, पाळी पुन्हा येईल. निघताना त्यांनी पिशवीभर जर्दाळू दिले. मी चटणीचा डबाच ठेवून आले. शफीकला त्या खडकाचा एक तुकडा शोकेससाठी न्यायचा होता. वन्संनी त्याला पूर्वीसारखं झापलं आणि तुकडा जागेवर ठेवायला लावला. रस्त्यावाल्यांनी नेला तेवढा पुरे, म्हणाल्या.

घरी

परत आलो तर इकडे अजून पाऊस नव्हता. यजमानांनी आमच्या मागे टँकरचं पाणी इतक्या निगुतीनं वापरलं होतं, की टाकी अर्धी भरलेली दाखवायला ते आम्हाला आधी गच्चीवर घेऊन गेले. गच्चीवरून आणखी एक नवी इमारत दिसली. वन्सं म्हणाल्या, मला दिसत नाही, कुठल्या बाजूला ते सांग. मी सांगितलं.

आता दुसरा डोळाही जवळजवळ गेला आहे. डॉक्टर म्हणाले होते त्यापेक्षा लवकर. त्याचा मला फार त्रास होतो. त्यांना होत असेल, पण त्या दाखवत नाहीत. शोकेसमधले दगड मी त्यांना एकेक हातात देते आणि त्या मला त्यांची नावं शिकवतात. सून म्हणते, आई, तुम्ही आता परीक्षा देऊन टाका.

परवा नळाला पाणी आलं. यजमान सकाळपासून हंडे, बादल्या, पातेली, सगळं मांडून बसलेले, थेंब सांडू देत नव्हते. वन्सं भिंत धरत धरत बाहेर आल्या, पहिल्याच बादलीतला काठोकाठ भरलेला पेला उचलला आणि आमच्या उंबऱ्यापुढच्या काळ्या दगडी पायरीवर सगळाच्या सगळा ओतला. यजमानांच्या हातातला पाइप तसाच राहिला. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

वन्सं पायरीवर बसल्या आणि माझ्या बाजूला तोंड करून म्हणाल्या, "सांग शैला, काय दिसतंय?"

मी पदर खोचला, त्यांच्याजवळ उकिडवी बसले आणि पाणी वाळायच्या आत सांगायला लागले.